विशेषनामाचे सामान्यनाम : फ्रेंच व इंग्रजी भाषांतील कोल्हावाचक शब्दांचा इतिहास

गोषवारा

मध्ययुगीन फ्रेंच भाषेत कोल्ह्यासाठी 'गूपिल' हा शब्द रूढ होता. बाराव्या-तेराव्या शतकांतील एका प्राणिकथाचक्राच्या नायकाचे 'रनार' हे नाव पुढे त्या प्राण्याचेच नाव बनले आणि जुना शब्द व्यवहारातून नाहीसा झाला. इंग्रजीत ही कथा पोहोचूनही 'फॉक्स' हा शब्द अबाधित राहिला. प्रस्तुत लेखात या भिन्न परिणतींची कारणे तपासली असून दोन्ही भाषांतील कोल्हाविषयक शब्द व वाक्प्रचार यांतून प्रकट होणाऱ्या सामाजिक इतिहासाचा परामर्श घेतला आहे.

१. प्रस्तावना

भाषेतील शब्द बदलतात ही सर्वपरिचित गोष्ट आहे. मात्र रोजच्या पाहण्यातील प्राण्याचे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले नाव नाहीसे व्हावे आणि त्याची जागा एका काव्यातील पात्राच्या नावाने घ्यावी, ही घटना विरळाच म्हटली पाहिजे. फ्रेंच भाषेत असे घडले. आजच्या फ्रेंच भाषकास 'रनार' हा शब्द उच्चारताना आपण मुळात एका माणसाचे नाव घेत आहोत याची जाणीवही नसते.

सामान्यतः या बदलाचे श्रेय कथेच्या अफाट लोकप्रियतेला दिले जाते. हे स्पष्टीकरण चुकीचे नाही, परंतु ते पुरेसेही नाही. तीच कथा डच, जर्मन आणि इंग्रजी या भाषांतही लोकप्रिय झाली. तेथे मात्र प्राण्याचे नाव बदलले नाही. एकाच कारणाचे दोन ठिकाणी दोन भिन्न परिणाम दिसत असतील, तर त्या कारणाखेरीज आणखी काही घटक कार्यरत असले पाहिजेत. ते घटक कोणते, हा या लेखातील मुख्य प्रश्न आहे.

प्रारंभीच एका बाबीचा खुलासा आवश्यक आहे. युरोपातील तांबड्या रंगाच्या ज्या प्राण्याविषयी येथे विवेचन केले आहे, त्याचा महाराष्ट्रातील जवळचा आप्त म्हणजे खोकड होय. मराठीत ज्यास कोल्हा म्हणतात तो प्राणिशास्त्रदृष्ट्या निराळा. तथापि इसापनीतीच्या भाषांतरांपासून मराठी साहित्याने धूर्तपणाचे प्रतीक म्हणून कोल्हाच स्वीकारला आहे. 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' ही म्हण त्याची साक्ष देते. म्हणून येथेही तोच शब्द योजला आहे.

२. शेपटीवरून पडलेले नाव

इंग्रजी 'फॉक्स', जर्मन 'फुक्स' आणि डच 'व्होस' हे तिन्ही शब्द एकाच प्राचीन जर्मानिक शब्दापासून निघाले आहेत. या शब्दाचे मूळ 'शेपूट' या अर्थाच्या भारोपीय धातूत असावे, असे बहुतेक व्युत्पत्तिकोशकार मानतात आणि त्याच कुळातील शब्द म्हणून संस्कृत 'पुच्छ' या शब्दाचा निर्देश करतात. झुबकेदार शेपूट हे या प्राण्याचे सर्वांत ठळक लक्षण होय. तेव्हा त्यावरून त्याचे नाव पडणे स्वाभाविक आहे. स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांतील 'रापोझा' हा शब्दही शेपटीवाचक शब्दाशीच जोडला जातो. वेल्श भाषेत कोल्ह्याला 'झुडपातला' अशा अर्थाचे, तर आयरिश भाषेत 'तांबडा कुत्रा' अशा अर्थाचे नाव आहे.

अशा आडवळणी नावांची संख्या पाहता अभ्यासकांनी निषिद्धनामाची कल्पना मांडली आहे. कोंबड्या-बदके पळवणाऱ्या प्राण्याचे खरे नाव घेतले तर तो येतो, या समजुतीने शेतकरी व शिकारी त्याचे नाव टाळत आणि त्याच्या एखाद्या लक्षणावरून किंवा माणसाच्या नावाने त्याचा उल्लेख करीत. सापाला रात्री 'जनावर' किंवा 'लांबडे' म्हणण्याची महाराष्ट्रातील रीत याच प्रकारची आहे. डॅनिश व नॉर्वेजियन लोककथांत कोल्ह्याला 'मिकेल' हे माणसाचे नाव आहे. ही प्रवृत्ती लक्षात घेतली म्हणजे फ्रेंचमधील घटना विरळ असली तरी निराधार राहत नाही.

लॅटिनमध्ये कोल्ह्यास 'वुल्पेस' असा शब्द होता. ग्रीक 'अलोपेक्स' आणि ऋग्वेदात आढळणारा 'लोपाश' हे शब्द परस्परसंबद्ध मानले जातात. केस गळण्याच्या विकारास आजही वैद्यकात 'अॅलोपेशिया' म्हणतात, ते खरूज झालेल्या कोल्ह्याच्या झडलेल्या केसांवरून होय.

३. 'गूपिल'चे राज्य आणि त्याची दुर्बलता

लॅटिन 'वुल्पेस'च्या लघुत्वदर्शक रूपापासून जुन्या फ्रेंचमध्ये 'गूपिल' हा शब्द तयार झाला. आरंभीच्या 'व'चा 'ग' होणे हा फ्रँक लोकांच्या जर्मानिक उच्चारांचा प्रभाव होय. गांधीलमाशीस लॅटिनमध्ये 'वेस्पा' व फ्रेंचमध्ये 'गेप' म्हणतात, तेथेही हाच बदल दिसतो.

तथापि हा शब्द सर्वत्र एकाच रूपात स्थिर झाला नव्हता. जुन्या ग्रंथांत 'गूपिल', 'गोर्पिल', 'वेर्पिल', 'वोल्पिल' अशी अनेक रूपे आढळतात. दक्षिणेकडील ऑक्सितान भाषेत त्याच मुळापासून आलेला शब्द 'भ्याड' या अर्थाने वापरला जाई. प्रांतागणिक बदलणारा शब्द प्रतिस्पर्धी शब्दापुढे टिकाव धरण्यास कमी समर्थ असतो. उलट 'फॉक्स' हा एकाक्षरी शब्द जुन्या इंग्रजीपासून आजतागायत त्याच रूपात आहे. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

४. कथाचक्राचा उदय

कोल्हा आणि लांडगा यांच्या वैराची कथा प्रथम लॅटिनमध्ये आकारास आली. सुमारे ११४८-५० च्या सुमारास गेंट शहराच्या परिसरात रचलेल्या 'ईसेंग्रिमुस' या दीर्घकाव्यात लांडग्यास ईसेंग्रिमुस, तर कोल्ह्यास रेनार्डुस ही नावे आहेत. रेनार्डुस हे नाव 'सल्ला' आणि 'कठोर, बळकट' या अर्थांच्या दोन फ्रँकिश शब्दांपासून बनलेल्या पुरुषनामाचे लॅटिन रूप होय. मसलतीत पक्का असा हा पुरुष. धूर्त प्राण्यास हे नाव अन्वर्थकच ठरले.

ही नावे त्याहीपूर्वी लोकांच्या तोंडी असल्याचा एक महत्त्वाचा पुरावा उपलब्ध आहे. गिबेर द नोजाँ या मठाधिपतीने आपल्या आत्मकथनात उत्तर फ्रान्समधील लाँ येथील १११२ च्या उठावाची हकिगत नोंदवली आहे. तेथील बिशप गोद्री याने नगरवासीयांना दिलेली स्वशासनाची सनद रद्द करविली आणि लोक शस्त्रे घेऊन उठले. बिशप एका पिंपात लपून बसला. त्याला शोधून काढणारा तेउदेगाल्दुस हा तोच भूदास होता, ज्यास त्याच्या लांडग्यासारख्या चेहऱ्यावरून बिशप 'ईझांग्रँ' म्हणून हिणवीत असे. पिंपात कोण आहे हे ठाऊक असताना त्याने तेच नाव बिशपास उद्देशून उच्चारले आणि त्यानंतर बिशपाची हत्या झाली. काही लोक लांडग्यांना या नावाने संबोधतात, असे स्पष्टीकरणही गिबेरने दिले आहे. कथेतील नावे प्राण्यांना लावण्याची प्रवृत्ती लिखित कथाचक्राच्या आधीपासून होती, हे यावरून सिद्ध होते. त्याचबरोबर ही नावे मालक आणि दास यांच्यातील संघर्षात शस्त्रासारखी वापरली जात होती, हेही दिसून येते.

लोकभाषेतील 'रोमाँ द रनार' हे कथाचक्र सुमारे ११७० ते १२५० या काळात रचले गेले. त्यातील सर्वांत जुना भाग पिएर द सँ-क्लू याचा मानला जातो. सुमारे पंचवीस 'शाखां'मध्ये विभागलेले हे काव्य एका लेखकाचे नाही. अनेक लेखकांनी त्यात भर घातली. सिंह नोब्ल हा राजा, ईझांग्रँ हा बलदंड पण मूर्ख सरदार, शांतक्लेर हा गर्विष्ठ कोंबडा, कुआर हा भित्रा ससा आणि या सर्वांना झुलवणारा रनार, असा हा दरबार आहे. रनारवर खटला चालतो, तो पश्चात्तापाचे ढोंग करतो, यात्रेला निघतो आणि सुटतो. सरंजामी न्यायव्यवस्था, धर्मगुरूंचा लोभ आणि दरबारी शिष्टाचार यांचे हे उपरोधपूर्ण चित्रण होय. सशाच्या कुआर या नावाशी इंग्रजी 'कॉवर्ड' या शब्दाचे थेट नाते असून त्याच्या मुळाशीही 'शेपूट' हाच अर्थ आहे, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

५. विशेषनामाकडून सामान्यनामाकडे

कथाचक्रात गूपिल हे प्राण्याचे नाव आणि रनार हे त्या विशिष्ट गूपिलचे नाव, असा भेद सुरुवातीस स्पष्ट होता. तो कसा पुसट होत गेला, हे विविध साधनांवरून ताडता येते.

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात गोतिए द क्वँसी या बेनेडिक्टाइन मठवासी कवीने, धर्मगुरूंना आपल्या खोल्यांत माता मेरीच्या प्रतिमेपेक्षा ईझांग्रँ व त्याच्या पत्नीची चित्रे अधिक प्रिय वाटतात, अशी तक्रार नोंदवली. कथा राजदरबारापुरती राहिली नव्हती, ती भिंतींवर आली होती. त्याच शतकात रुतबफने रनारच्या रूपकाद्वारे राजदरबारावर टीका केली आणि १२८९ मध्ये लील येथील जाकमार जिएले याने 'रनार ल नुव्हेल' हे उपरोधिक काव्य पूर्ण केले. या सर्व लेखनात रनार म्हणजे ढोंगी, सत्तालोलुप मनुष्य असा अर्थ रूढ झालेला दिसतो.

या वाङ्मयीन पुराव्यापेक्षाही शिकारविषयक ग्रंथांचा पुरावा अधिक निर्णायक मानला पाहिजे. कारण शिकारी आपल्या सावजाचा उल्लेख विनोदासाठी नव्हे, तर व्यवहारासाठी करतो. फ्वा प्रांताचा सरदार गास्तों फेब्युस याने १३८७ मध्ये आपला प्रसिद्ध मृगयाग्रंथ लिहावयास घेतला. त्यात या प्राण्याचे वर्णन 'रनार' याच नावाने आले आहे. म्हणजेच चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे नाव काव्यातून रानात पोहोचले होते. १६६८ पासून ला फोंतेनच्या नीतिकथा प्रसिद्ध होऊ लागल्या, तेव्हा दुसऱ्या शब्दाचा प्रश्नच उरला नव्हता.

'रनार'ने मूळ धरल्यानंतर त्याचे स्वतःचे शब्दकुल वाढले. मादीस 'रनार्द', पिल्लास 'रनार्दो' व बिळास 'रनार्दिएर' हे शब्द तयार झाले. 'गूपिल' मात्र आडनावांत आणि बोलींत तेवढा उरला. लुई पेर्गो याच्या 'द गूपिल आ मार्गो' या प्राणिकथासंग्रहास १९१० चा गोंकूर पुरस्कार मिळाला. त्याच्या शीर्षकात हा जुना शब्द पुन्हा अवतरला, परंतु आता स्थिती उलटी होती : एके काळचे सामान्यनाम आता विशेषनामासारखे वाटू लागले होते.

६. इंग्रजीत नाव का बदलले नाही ?

१०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडच्या दरबारात व न्यायालयांत फ्रेंच भाषा आली. शिजवलेल्या मांसाची नावे फ्रेंच आणि जिवंत जनावरांची नावे इंग्रजी, ही विभागणी सुपरिचित आहे. कोल्हा खाल्ला जात नव्हता आणि राजेशाही मृगयेत हरणाच्या तुलनेत त्यास दुय्यम स्थान होते. त्यामुळे त्याच्या नावावर फ्रेंच शब्दाचे आक्रमण होण्याचे कारणच उद्भवले नाही. तो शेतकऱ्याचा शत्रू होता आणि त्याचे नाव शेतकऱ्याच्या भाषेत राहिले.

कथेच्या प्रसाराचा कालक्रमही येथे महत्त्वाचा आहे. मध्यकालीन इंग्रजीत या चक्रातील कथा फार थोड्या आढळतात. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने कोंबडा व कोल्हा यांची कथा सांगितली. त्यात कोंबड्याचे नाव फ्रेंच परंपरेतलेच असले तरी कोल्ह्याचे नाव मात्र तांबूस रंगावरून 'रसेल' असे ठेवले आहे. संपूर्ण कथा इंग्रजीत आली ती १४८१ मध्ये, विल्यम कॅक्स्टनने डच गद्यावरून भाषांतर करून वेस्टमिन्स्टर येथे छापली तेव्हा. तिच्यात नायक 'रेनार्ड द फॉक्स' या जोडनावाने वावरतो. विशेषनामाच्या जोडीला सामान्यनाम सदैव उभे असल्याने एकाने दुसऱ्याची जागा घेण्याचा प्रसंगच आला नाही. डचमधील तेराव्या शतकातील उत्कृष्ट काव्य आणि जर्मनमधील १४९८ ची ल्यूबेक येथील आवृत्ती यांच्या शीर्षकांतही हीच योजना दिसते.

तेव्हा असे म्हणता येईल की, फ्रेंचमधील नामांतरास तीन गोष्टी एकत्र याव्या लागल्या : अनेक रूपांत विखुरलेला जुना शब्द, त्याचे नाव टाळण्याची लोकप्रवृत्ती, आणि त्याच भाषेत जन्मलेली सर्वव्यापी कथा. इंग्रजी, डच व जर्मन या भाषांत तिसरा घटक कमीअधिक प्रमाणात होता, परंतु पहिला नव्हता. लोकप्रियता ही आवश्यक अट होती. पुरेशी अट नव्हती.

७. इंग्रजी शब्दसंपदेतील समाजचित्र

इंग्रजीत मूळ शब्द टिकल्याने त्याच्यापासून जुळलेले शब्द अतिशय जुने आहेत. मादीवाचक 'व्हिक्सन' या शब्दातील आरंभीचा 'व्ह' हा दक्षिण इंग्लंडच्या बोलीचा अवशेष असून स्त्रीलिंगदर्शक प्राचीन प्रत्यय प्रचलित इंग्रजीत या एकाच शब्दात स्पष्टपणे शिल्लक राहिला आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हा शब्द भांडखोर स्त्रीसाठी वापरला जाऊ लागला. नराच्या नावाला धूर्तपणाची, काहीशी कौतुकाची छटा आणि मादीच्या नावाला कजागपणाची, हा भेद प्राण्याच्या स्वभावातून नव्हे, तर समाजाच्या दृष्टिकोनातून आलेला आहे. उत्तर इंग्लंड व स्कॉटलंडमधील 'टॉड' हा शब्द आडनावांत आणि बिआट्रिक्स पॉटरच्या १९१२ मधील बालकथेच्या शीर्षकात टिकून आहे.

'फॉक्सग्लव्ह' म्हणजे कोल्ह्याचा हातमोजा, हे वनस्पतीचे नाव जुन्या इंग्रजीतच आढळते. त्यामुळे ते 'फोक' म्हणजे लोक या शब्दाचा अपभ्रंश असल्याचे लोकप्रिय मत टिकत नाही. या वनस्पतीस १५४२ मध्ये 'डिजिटॅलिस' हे लॅटिन नाव देणाऱ्या जर्मन वैद्याचे नाव लिओनहार्ट फुक्स होते, म्हणजे त्याच्या आडनावाचाही अर्थ कोल्हाच, हा योगायोग लक्षणीय आहे. त्याच्याच सन्मानार्थ 'फुक्सिया' या फुलझाडाचे नाव ठेवले गेले. १७८५ मध्ये विल्यम विदरिंगने या वनस्पतीच्या औषधी उपयोगावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि हृदयविकाराच्या उपचारात तिला स्थान मिळाले.

'फॉक्स्ड' या शब्दाचे अर्थांतरही बोधप्रद आहे. सतराव्या शतकात तो 'मद्याने झिंगलेला' या अर्थी वापरात होता. सॅम्युएल पीप्सच्या दैनंदिनीत तो या अर्थाने येतो. एकोणिसाव्या शतकापासून जुन्या कागदावरील तांबूस डागांनाही हा शब्द लावला जाऊ लागला आणि ग्रंथालये व अभिलेखागारे यांच्या परिभाषेत तो आजही आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात सैनिकाने स्वतःपुरत्या खणलेल्या खड्ड्यास 'फॉक्सहोल' हे नाव मिळाले.

कोल्ह्याच्या सामाजिक स्थानातील बदलही शब्दांत उमटला. १५६६ च्या इंग्लिश कायद्याने कोल्हा हा उपद्रवी प्राणी ठरवून त्याच्या शिरामागे बारा पेन्स बक्षीस लावले. अठराव्या शतकात मात्र जमीनदारवर्गाने घोडे व शिकारी कुत्रे घेऊन त्याचा पाठलाग करणे हा प्रतिष्ठेचा खेळ केला. मग शेपटीस 'ब्रश', मुखास 'मास्क' आणि बिळास 'अर्थ' म्हणणारी खास परिभाषा रूढ झाली. जो हे शब्द चुकवी तो त्या वर्गाबाहेरचा ठरे. सावज दिसताच द्यावयाची 'टॅलीहो' ही आरोळी मात्र फ्रेंच शिकाऱ्यांकडून आली. भारतात आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी हा खेळ उटकमंड येथेही चालवला. तेथे कुत्रे कोल्ह्यामागे, म्हणजे खऱ्या अर्थाने मराठीतील कोल्ह्यामागे, सोडले जात. इंग्लंड व वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकरवी केली जाणारी ही शिकार प्रतिबंधित झाली आणि तो कायदा फेब्रुवारी २००५ पासून अमलात आला.

८. फ्रेंच वाक्प्रचारांतील समाजचित्र

फ्रेंच वाक्प्रचारांवर कथाचक्राची छाया अधिक गडद आहे. 'रनारपाशी पापनिवेदन करणे' म्हणजे आपले गुपित त्याचा गैरफायदा घेणाऱ्यासच सांगणे. धर्मगुरूच्या वेषातील कोल्हा हे या कथांतील आवडते चित्र होते. 'सिंहाच्या कातड्याला रनारचे कातडे शिवणे' म्हणजे बळास युक्तीची जोड देणे. या कल्पनेचा उगम प्लुटार्कने लिहिलेल्या लायसँडरच्या चरित्रात आहे. 'रनार सोलणे' म्हणजे अतिमद्यपानाने ओकणे, हा वाक्प्रचार राबलेने वापरला आहे. मद्य आणि कोल्हा यांची सांगड दोन्ही भाषांत आढळते, हे येथे लक्षात घ्यावे.

श्रमिकांच्या भाषेतही हा शब्द उतरला. फ्रेंच सुतारांच्या कारागीर-संघात उमेदवारास 'रनार' म्हणत आणि मालकास 'माकड'. संघाचा सदस्य व इतिहासकार आग्रिकोल पेर्दिगिए याने १८३९ मधील ग्रंथात या संघांच्या चालीरीतींचे वर्णन केले आहे. पुढे कामगार चळवळीत संप मोडणाऱ्या किंवा संघटनेपासून दूर राहणाऱ्या कामगारास 'रनार' म्हणून हिणवले जाऊ लागले. लाँच्या भूदासापासून कारखान्यातील कामगारापर्यंत प्राणिनामांचा हा सामाजिक वापर अखंड चालू राहिला. अभियांत्रिकीत धरणाच्या मातीखालून पाणी आपली वाट पोखरते त्या घटनेसही फ्रेंचमध्ये 'रनार' म्हणतात. बाहेरून काही दिसत नाही आणि आत बीळ वाढत असते, या साम्यावरून हे नाव समर्पक ठरते.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) फ्रेंचमधील 'गूपिल'चा लोप हा केवळ साहित्याचा प्रभाव नसून ध्वनिरूपांची अस्थिरता, नामनिषेध व कथेची लोकप्रियता यांच्या संयोगाचे फल आहे.

२) हा बदल एकाएकी न होता सुमारे दोन शतके चालला. त्याचा विश्वसनीय पुरावा काव्यांपेक्षा शिकारग्रंथासारख्या व्यावहारिक साधनांत मिळतो.

३) इंग्रजीत सामान्यनाम टिकले, त्यामुळे तेथील शब्दांत वनस्पती, बोली, कायदा आणि वर्गप्रतिष्ठा यांचा इतिहास साठला. फ्रेंचमध्ये कथेतील पात्राचे चारित्र्यच शब्दात उतरल्याने वाक्प्रचारांत ढोंग, कपट व फितुरी यांचे प्राबल्य दिसते.

४) शब्दकोश हे इतिहासाचे दुय्यम साधन मानण्याचा प्रघात आहे. तथापि ज्या भूदासांनी, शेतकऱ्यांनी व कारागिरांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही, त्यांच्या भीतीचा, रोषाचा आणि विनोदाचा मागोवा घेण्यास शब्दांइतके जवळचे साधन क्वचितच उपलब्ध असते. लाँच्या बिशपाने दिलेले हेटाळणीचे नाव त्याच्यावरच उलटले, ही घटना आपल्यापर्यंत पोहोचली ती एका मठाधिपतीच्या लेखणीतून. परंतु ते नाव टिकवले होते ते सामान्य जनांच्या बोलण्याने.